गाडी विकली, नाव राहिलं : जुन्या व्हॅनचा कर, विमा आणि शंभर वर्षांचा कायदा



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून दोघातिघांनी आम्हाला हसत विचारलं, "हे इतिहासाचं व्याख्यान आहे, की आरटीओच्या दारातल्या एजंटाचं?" प्रश्न रास्त आहे. जुनी व्हॅन घ्यायची, तिचा टॅक्स बघायचा, इन्शुरन्स बघायचा, यात इतिहास तो कसला? पण आम्ही कायद्याचा इतिहास शिकवणारी माणसं. आमचा अनुभव असा, की हा इतिहास विधिमंडळाच्या कामकाजात जितका दिसतो, त्याहून जास्त अशा छोट्या व्यवहारांत दिसतो. सरकारी फॉर्मवरच्या पुष्कळशा रकान्यांमागे कधीतरी कुणाचं तरी नुकसान झालेलं असतं. मगच तो रकाना छापला जातो.

आधी व्यवहार डोळ्यांपुढे आणा. एका माणसाला धंदा वाढवायचा आहे. डबे पोचवायचे असतील, मंडपाचं सामान न्यायचं असेल, भाजी आणायची असेल. नवी गाडी परवडत नाही. ओळखीतून एक व्हॅन कळते. तो जातो, इंजिनाचा आवाज ऐकतो, खाली वाकून गंज बघतो, टायरवर लाथ मारतो. घासाघीस होते. नोटा मोजल्या जातात. विकणारा किल्ली देतो, आर.सी. बुक देतो आणि टीटीओच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो. "बाकीचं तुम्ही तुमच्या सवडीनं करून घ्या." चहा होतो. दोघांनाही वाटतं, व्यवहार संपला.

आमचं आजचं सांगणं एवढंच आहे, की तो संपलेला नसतो. त्या चहाच्या टपरीवर तीन गोष्टी हस्तांतरित व्हायच्या असतात: मालकी, कर आणि विमा. या तिघींचा जन्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी झाला, आणि तिघी वेगवेगळ्या चालीनं चालतात. राज्यघटनेची सातवी अनुसूची काढून बघा. विमा केंद्रसूचीत आहे, ४७ व्या क्रमांकाला. वाहनांवरचा कर राज्यसूचीत, ५७ व्या क्रमांकाला. आणि खुद्द मोटारवाहनं समवर्ती सूचीत, ३५ व्या क्रमांकाला. एका जुन्या व्हॅनसाठी आपण तीन दारांत उभे असतो, आणि आपल्याला वाटतं की एकाच खिडकीवर काम आहे.

तेव्हा प्रश्न असा धरू या: गाडी हात बदलते तेव्हा काय गाडीबरोबर जातं, काय माणसाजवळ राहतं, आणि मधल्या फटीत कोण पडतं?

सुरुवात मालकीपासून करू. आपल्याकडे जंगम वस्तूच्या विक्रीची जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरायचा. पैसे दिले, दावं हातात आलं, की बैल आपला. त्यासाठी कुठल्या दप्तरात नाव लावावं लागत नव्हतं. ब्रिटिशांनी आणलेला कायदाही मुळात याच वळणाचा. आधी १८७२ च्या करार कायद्यात आणि मग १९३० च्या मालविक्री कायद्यात तत्त्व हेच, की दोन्ही पक्षांच्या मनात मालकी ज्या क्षणी द्यायची असेल, त्या क्षणी ती जाते. या कायद्याच्या नजरेनं बघितलं, तर टपरीवर किल्ली हातात आली तेव्हाच व्हॅन आपली झाली.

पण मोटार आणि बैल यांत एक फरक होता. बैलानं कुणाला मारलं, तर बैल कुणाचा हे गावाला ठाऊक असायचं. मोटार धडक देऊन निघून जाऊ शकत होती. म्हणून १९१४ च्या भारतीय मोटारवाहन कायद्यानं गाडीची नोंदणी आणि नंबर आणला. नंबर हा मुळात ओळख पटवण्यासाठी आला, मालकी ठरवण्यासाठी नव्हे. पुढे १९३९ चा सविस्तर कायदा आला. त्यात मालकीबदल कळवण्याचं कलम होतं; पण 'मालक' शब्दाची व्याख्या बघा. तिच्यात अल्पवयीन मुलाचा पालक आहे, हप्त्यांवर गाडी घेणारा आहे, पण 'ज्याच्या नावावर नोंद तो मालक' असं कुठेही म्हटलेलं नाही. ती ओळ आली १९८८ च्या कायद्यात. हा फरक लक्षात ठेवा. याच्यापाशी आपण परत येणार आहोत.

आता कर. चाकाला कर लावण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. रस्त्यांवर आणि पुलांवर टोल घेण्याचे कायदे एकोणिसाव्या शतकातले; आपल्या मुंबई इलाख्याचा १८७५ चा. नगरपालिकांचा चाकपट्टीचा कर वेगळा. बैलगाडी, टांगा, छकडा, सगळ्यांना नाक्यावर थांबावं लागे. मोटार आली आणि हे गणित बिघडलं. बैलगाडी दिवसभरात एखाद-दुसरा नाका ओलांडायची, मोटार एका सकाळीत चार तालुके पार करायची. शिवाय मोटारीनं रस्ते खराब होत होते, आणि ते दुरुस्त करायला लोकल बोर्डाकडे पैसा नव्हता.

१९२७ मध्ये सरकारनं रस्ते विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, तेच जयकर जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचं म्हणणं सरळ होतं: रस्त्यांचा खर्च प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर चालला आहे, जो रस्ता वापरतो त्याच्याकडून थोडा जास्त पैसा घ्यावा आणि तो रस्त्यासाठीच ठेवावा. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा आले आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्यानंतर १९३५ मध्ये मुंबई प्रांतानं मोटारवाहन कराचा स्वतःचा कायदा केला. मुंबई द्विभाषिक राज्य असताना १९५८ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. आज महाराष्ट्रात जो कर आपण भरतो, तो याच १९५८ च्या कायद्याखाली.

या कायद्याचे दोन-तीन गुण समजून घ्या, कारण जुनी व्हॅन घेणाऱ्याचं नशीब त्यांत आहे. पहिला: कर गाडीवर आहे. ती राज्यात वापरली जात असेल, किंवा वापरण्यासाठी ठेवलेली असेल, तरी कर लागू. "गाडी सहा महिने नुसती उभी होती हो" हे म्हणणं चालत नाही. गाडी वापरणार नाही हे आगाऊ लिहून कळवलेलं असलं पाहिजे. दुसरा: थकलेला कर गाडीच्या पाठीमागे येतो. आधीच्या मालकानं बुडवला, म्हणून नवा मालक सुटत नाही. तिसरा गुण तर फार बोलका आहे: ही थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. शेतसारा बुडवणाऱ्यासाठी जे हत्यार महसूल खात्यानं घडवलं, तेच व्हॅनवाल्यासाठी वापरलं गेलं. जमिनीचा बोजा जसा जमिनीबरोबर फिरतो, तसा गाडीचा कर गाडीबरोबर फिरतो. सातबारा बघितल्याशिवाय जमीन घेऊ नये हे आपल्या आजोबांनाही कळत होतं. गाडीचा कर कुठवर भरलाय हे न बघता व्हॅन घेणं ही त्याच जातीची चूक आहे.

याची दुसरी बाजूही आहे. खासगी गाडीचा एकरकमी कर भरलेला असेल, तर राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर तो पुन्हा भरावा लागत नाही. कर गाडीबरोबर जातो, म्हणजे थकबाकीही जाते आणि भरलेलाही जातो. हे सगळीकडे असंच असतं असं समजू नका. ज्या इंग्लंडकडून आपण मोटारीचे कायदे उचलले, तिथे १९२१ पासून कर भरल्याची गोल कागदी चकती काचेवर लावायची पद्धत होती. जुनी गाडी घेणारा चकतीवरचे उरलेले महिने मोजून किंमत ठरवायचा. १ ऑक्टोबर २०१४ पासून तिथे चकती गेली, आणि कर गाडीबरोबर जाणंही बंद झालं. विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत, आणि घेणाऱ्यानं रस्त्यावर यायच्या आधी स्वतःचा कर भरायचा. तिथला कर आता माणसाच्या मागे चालतो, आपला अजून गाडीच्या मागे. दोन्हींत चूक-बरोबर काही नाही. पण आपण कुठल्या पद्धतीत राहतो हे माहीत हवं.

आता विमा. गुंतागुंत सगळ्यांत जास्त इथे आहे, आणि जिवाचा प्रश्नही इथेच आहे.

इंग्लंडमध्ये १९३० चा रस्ते वाहतूक कायदा झाला आणि १९३१ च्या जानेवारीपासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. कारण असं, की मोटारीखाली सापडलेला माणूस खटला जिंकायचा आणि गाडीवाल्याकडे द्यायला पैसेच नसायचे. जिंकलेला निकाल कागदावर राहायचा. आपल्या १९३९ च्या कायद्यात आठव्या प्रकरणात हीच सक्ती आली. पण ते प्रकरण लगेच लागू झालं नाही. मधे महायुद्ध होऊन गेलं, आणि १ जुलै १९४६ पासून भारतात विमा सक्तीचा झाला. १९५६ च्या दुरुस्तीनं अपघाताच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणं आणली, म्हणजे जखमीला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत.

पण एक फट उरली. विमा हा करार आहे, आणि करार दोन माणसांत असतो. कंपनीनं विमा दिला तो अमुक माणसाला. त्यानं गाडी विकली, तर कंपनी म्हणायची, "आमचा करार त्यांच्याशी होता, तुमच्याशी नाही." बोलून चालून खरं होतं ते. पण रस्त्यावरच्या माणसाच्या बाजूनं विचार करा. त्याला धडक बसली मंगळवारी. व्हॅन विकली गेली सोमवारी. सोमवारपर्यंत तिला विमा होता, मंगळवारी नाही. त्या माणसाचा यात काय दोष? त्यानं थोडंच गाडीचं आर.सी. बुक तपासून रस्ता ओलांडला होता?

१९६९ मध्ये कायद्यानं या फटीवर पहिलं ठिगळ लावलं. १०३-अ हे कलम आलं: विकणाऱ्यानं कंपनीला कळवावं, आणि कंपनीनं पंधरा दिवसांत नकार दिला नाही, तर विमा घेणाऱ्याच्या नावे गेला असं समजावं. याच वर्षी आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं मॅटॅडोर बाजारात आणली. हा निव्वळ योगायोग; पण मॅटॅडोरनं महाराष्ट्रातल्या छोट्या धंद्याला चाकं दिली. दूध, भाजी, बँडवाले, वऱ्हाड, शाळेची मुलं, सगळं तिच्यातून गेलं. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, २००५ मध्ये टाटांचा 'छोटा हत्ती'. ही सगळी अशी वाहनं, की जी एका मालकाकडे म्हातारी होत नाहीत. पहिला मालक कारखानदार, दुसरा दुकानदार, तिसरा टपरीवाला. मालकी जितक्या वेळा बदलणार, तितक्या वेळा ती फट उघडणार. आणि १९६९ चं कलम विकणाऱ्यानं कळवण्यावर अवलंबून होतं. पैसे खिशात पडल्यावर कळवतो कोण?

१९८२ मध्ये आणखी एक पाऊल पडलं: चूक कुणाची हे सिद्ध व्हायच्या आधीच मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये द्यायचे. रक्कम छोटी, तत्त्व मोठं. आणि मग १९८८ चा कायदा, १ जुलै १९८९ पासून लागू. त्याच्या १५७ व्या कलमानं १९६९ ची अट काढून टाकली. आता गाडी ज्या दिवशी हस्तांतरित झाली, त्या दिवसापासून विमाही आपोआप गेला असं मानायचं. कुणी कळवो न कळवो. घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलून मागायचं, एवढंच.

हे ऐकून व्हॅन घेणाऱ्याला हायसं वाटतं. "म्हणजे विमा आपोआप आला ना!" थांबा. कायद्यानं हे सगळं केलं ते व्हॅन घेणाऱ्यासाठी नव्हे. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी केलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. गाडी घेतलेली, नोंद बदललेली, पण विमा अजून जुन्या नावावर. अपघातात गाडीचं नुकसान झालं आणि नव्या मालकानं भरपाई मागितली. न्यायालयानं सांगितलं, की आपोआप जातो तो फक्त तिसऱ्या पक्षाच्या जोखमीचा विमा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा पुन्हा दोन माणसांतला करार. कंपनीनं मान्य केल्याशिवाय तो जात नाही. आणि नो क्लेम बोनस? तो तर गाडीचा नसतोच, माणसाचा असतो. दहा वर्षं नीट गाडी चालवली ती आधीच्या मालकानं. ती सवलत त्याच्याबरोबर जाते, आणि नव्या मालकाला फरक भरावा लागतो.

बघा कशी वाटणी झाली. कर गाडीबरोबर गेला, थकबाकीसकट. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर गेला. स्वतःच्या नुकसानीचा विमा अधांतरी राहिला. बोनस माणसाबरोबर गेला. आणि नाव? नाव जिथल्या तिथे राहिलं.

आता त्या नावाकडे येऊ. २००९ मधला एक अपघात. सकाळची वेळ. एक बाई आणि तिचा भाचा शेताकडे निघालेले. एक गाडी मागे घेत असताना त्यांच्यावर आली, आणि मुलगा जागीच गेला. भरपाई कुणी द्यायची यावर खटला उभा राहिला. नोंदीतला मालक म्हणाला, "मी २००७ मध्येच गाडी विकली." ज्याला विकली तो म्हणाला, "मी पुढे विकली." त्याच्यापुढचाही तेच म्हणाला. प्रत्येकानं किल्ली दिली होती, पैसे घेतले होते, आणि आर.सी. बुकावरचं नाव कुणीच बदललं नव्हतं. एक कुटुंब मुलाला गमावून बसलं होतं, आणि कोर्टात माणसं एकमेकांकडे बोट दाखवत उभी होती.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: नोंदीत ज्याचं नाव, तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. कारण १९८८ च्या व्याख्येनं तसं ठरवलंय. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली ओळ ती हीच. न्यायालयाचं म्हणणं असं, की जखमी माणसानं एकामागून एक झालेल्या, कुठेही नोंद नसलेल्या विक्रींच्या मागे धावावं, ही अपेक्षा करता येणार नाही. ज्यानं पहिल्यांदा विकताना नाव बदलण्याकडे डोळेझाक केली, त्याच्यावर ओझं येतं. त्यानं नंतर वाटलं तर घेणाऱ्याशी भांडावं.

कुणाला हे कठोर वाटेल. आम्हालाही सुरुवातीला वाटलं होतं. ज्यानं गाडी विकली, जो त्या सकाळी तिथे नव्हता, त्यानं का भरावं? पण तिघांपैकी कुणाला तरी तोटा सोसायचाच आहे: जखमीला, जुन्या मालकाला, की नव्या मालकाला. या तिघांत एकटा जखमीच असा आहे, की ज्याच्या हातात काहीच नव्हतं. बाकी दोघांना फट बुजवायला चार सह्या आणि एक फेरी पुरली असती. गेल्या ऐंशी वर्षांतल्या मोटार कायद्याचा कल हाच आहे. तो आधी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सावरतो; खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आपापलं बघावं असं म्हणतो.

आपापलं बघायचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, आणि कराचा हिशेब नव्यानं. कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५. कराची पावती बघायची, आणि जुन्या गाडीला पर्यावरण कर लागू झाला असेल तर त्याचीही. विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात: पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन घेऊन तिच्यातून भाड्यानं माल किंवा माणसं न्यायला लागलात, तर कर वेगळा, फिटनेस वेगळा आणि विमाही वेगळा लागतो. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या कामाला चालत नाही. हप्ता भरलेला असतो, कागद खिशात असतो, आणि नेमक्या वेळी तो कागद रद्दी ठरतो.

२०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रानं नियम लागू केले. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात गेल्याचं आरटीओला कळवायचं, आणि मग तिची जबाबदारी त्याची. चांगली सोय आहे. पण एका माणसानं दुसऱ्याला थेट विकलेल्या गाडीला ती लागू नाही. टपरीवरचा चहा अजून तसाच आहे, आणि सही केलेला कोरा फॉर्मही.

तो कोरा फॉर्म आम्हाला विश्वासाची खूण वाटायचा. एकमेकांवर भरवसा, म्हणून तारीख न घालता सही. इतिहास वाचल्यावर कळतं, की त्या दोघांच्या भरवशाची किंमत तिसराच माणूस मोजतो, ज्याला त्या चहाचं आमंत्रण नव्हतं. म्हणून व्हॅन घ्या, जरूर घ्या. पण चहा पिऊन झाला की तिथूनच दोघांनी मिळून आरटीओत जा.

(यानंतर एका श्रोत्यानं विचारलं: "वडिलांच्या नावावरची व्हॅन आहे, ते वारले. आता ती चालवली तर बेकायदा का?")

चांगलं विचारलंत. हे विक्रीपेक्षा वेगळं आहे. निधन झाल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवलंत, तर वारस म्हणून तीन महिने ती वापरता येते. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं. तोवर विमा चालू आहे ना, कर भरलेला आहे ना, तेवढं बघा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, हे कबूल. पण रस्त्यावरून चालणाऱ्याला आपल्या घरातलं दुःख माहीत नसतं.